लॉरेल खोऱ्यातले अकरा दगड

डेल्मर प्रूइटनं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि त्या एकतीस वर्षांत त्याचं तोंड काही बंद राहिलं नाही. पोरं म्हणायची, ही बस डिझेलवर नाही, डेल्मरच्या जिभेवर चालते. निवृत्त झाल्यावर ऐकायला पोरं उरली नाहीत, तेव्हा त्यानं गावच्या लायब्ररीचं तळघर धरलं. दर शनिवारी सकाळी दहाला तीसेक खुर्च्या मांडायच्या, कॉफी चढवायची आणि आपल्या देशाच्या इतिहासातली अशी एखादी गोष्ट सांगायची, जी कुणाच्या शाळेत कुणी शिकवली नाही.

बॉस्टनमध्ये काकवीची टाकी फुटली आणि त्या चिकट लोंढ्यात एकवीस माणसं मेली, ती गोष्ट. यादवी युद्धातले सुटलेले कैदी घरी निघाले होते, मिसिसिपीत आगबोटीचा बॉयलर फुटला आणि हजारावर माणसं बुडाली. त्याच दिवसांत छापायला याहून मोठ्या बातम्या होत्या म्हणून त्यांच्यासाठी कुणी फारसं रडलं नाही, ती गोष्ट. सैन्यानं टेक्सासात उंट आणले होते, तीसुद्धा. लोक आ वासून ऐकायचे. शेवटी टेबलावर थाप मारून तो म्हणायचा, "पुस्तकात छापलं ते त्यांचं. दाबून ठेवलं ते आपलं!"

मोठा आला दाबलेलं उकरणारा! स्वतःच्या घरातली एक गोष्ट मात्र अठ्ठावीस वर्षं पोटात घालून बसला होता.

एप्रिलमधल्या एका शनिवारी काकवीची गोष्ट संपली, लोक पांगले, आणि अ‍ॅडा स्टिलवेल तेवढी खुर्चीत बसून राहिली. पंच्याऐंशी वर्षांची, काटकुळी, पण आवाज खणखणीत. नात्याची असो वा नसो, सगळा डोंगर तिला आत्या म्हणायचा.

"काय आत्या, काकवी पचली नाही वाटतं?"

"काकवी पचली. डॉक्टर नाही पचला," ती म्हणाली. "पानं गळेपर्यंत मी आहे, म्हणतो तो. त्याआधी हवामान बदललं तर त्याचा नेम नाही."

डेल्मर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. 

"तोंड पाडू नकोस रे मेल्या. मला तुझ्याकडून काम हवंय. क्लाइडच्या कबरीच्या दगडावर अर्ध्या भागात माझं नाव कोरून ठेवलंय, ठाऊक आहे ना? मेल्याची तारीख तेवढी घालायचीय. सत्तावीस वर्षं तो माझी वाट बघत पडलाय तिकडं हमरस्त्यापाशीच्या दफनभूमीत. नवरा चांगला होता, तक्रार नाही. पण डेल्मर, मी आठ वर्षांची होते तेव्हा आई गेली. तिच्या कुशीत मी निजले असेन तर आठच वर्षं. आता वर टेकडीवर तिच्या शेजारी एकाची जागा आहे. कुठं जाऊ? नवऱ्याकडं की आईकडं?"

"हे मी कसं सांगू, आत्या?"

"तू काही ठरवू नकोस. तू फक्त गोष्ट सांग. कबरी सजवायच्या रविवारी, सगळ्यांसमोर. धरणाचं पाणी चढत होतं, तेव्हा तुझ्या बापानं आमची माणसं खोऱ्यातून वर कशी आणली, ते पहिल्यापासून सांग. तुझ्या तोंडून ऐकलं की माझं मन आपोआप एका बाजूला पडेल."

ती काठी टेकत निघून गेली. डेल्मरनं तीस खुर्च्या मिटल्या. त्या दिवशी कॉफीचं भांडं विसळायचं राहून गेलं.

त्रेचाळीस सालची गोष्ट. युद्धासाठी वीज हवी होती, विजेसाठी धरण, आणि धरणासाठी लॉरेल खोरं. जिवंत माणसांना सरकारनं घरं सोडायच्या चिठ्ठ्या दिल्या, मेलेल्यांसाठी ठेकेदार नेमला. ठेकेदारानं मुकादम केलं हायरम प्रूइटला, डेल्मरच्या बापाला. खोऱ्यात एकसष्ट कबरी होत्या. पेटी सापडली तर पेटी, नाहीतर हाडं, तीही नसली तर काळ्या मातीचं एक फावडं नव्या पेटीत घालायचं, खेचरांवरून टेकडीवर न्यायचं आणि पूर्वेला पाय करून पुन्हा पुरायचं. हायरमनं महिन्याभरात एकसष्टच्या एकसष्ट दगड टेकडीवर उभे केले. तेव्हापासून दरवर्षी कबरींच्या रविवारी जेवणाचं पहिलं ताट हायरमला. अ‍ॅडा तर त्याच्यासाठी वेगळ्या करंज्या तळायची, वाळलेल्या सफरचंदाच्या. तो त्या मान खाली घालून खायचा. लोक म्हणायचे, किती विनयी माणूस!

मरायच्या आदल्या आठवड्यात हायरमनं डेल्मरला जवळ बोलावलं आणि सांगून टाकलं. शेवटच्या दोन दिवसांत पाऊस लागला. खालच्या कोपऱ्यातल्या अकरा कबरींत पाणी शिरलं. ठेकेदार बोंबलत होता, माणसं पळून गेली होती. "मी नुसते दगड नेले रे," म्हातारा म्हणाला. "वर फूटभर माती भुसभुशीत केली, उंचवटे रचले. अकरा जण खालीच आहेत. स्टिलवेलच्या अ‍ॅडाची आईसुद्धा." मग भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "तिच्या करंज्या माझ्या घशाखाली उतरत नव्हत्या."

आमच्या डोंगरात कबरीवर गवत राहू देत नाहीत. वर्षातून एकदा सगळं तासून काढायचं, बादल्यांनी माती आणायची आणि उंचवटे नव्यानं रचायचे. कारण खाली पेटी कुजते आणि माती बसते. सगळ्यांची बसते. टेकडीवरच्या त्या कोपऱ्यातले अकरा उंचवटे मात्र कधी हाताच्या बोटाएवढेही खचले नाहीत. आणि अ‍ॅडाआत्याला त्याचाच केवढा अभिमान! "माझी आई बघा, मेल्यावरसुद्धा कुणाला त्रास देत नाही." असं ती म्हणाली की डेल्मर बादली उचलून दुसरीकडं जायचा.

एप्रिल गेला. डेल्मर रोज ठरवायचा की आज जाऊन सांगतो. एकदा तर तिच्या फाटकापर्यंत गेला. ती व्हरांड्यात शेंगा सोलत बसली होती, तिनं हाक मारली, "ये रे, गोष्ट पाठ झाली का?" आणि हा म्हणाला, "होतेय, होतेय," आणि माघारी फिरला. स्वतःची समजूत घालायला माणसाला कितीसा वेळ लागतो? मरायला टेकलेल्या बाईला कशाला दुखवायचं? उरलेल्या दहा घरांचं काय? बापाचं नाव मातीत कशाला घालवायचं? एकेक कारण बिनतोड. खरं कारण एकच होतं, तो घाबरला होता.

मेच्या शेवटच्या रविवारी टेकडीवर दीडशे माणूस जमलं. कबरी तासून झाल्या, कागदाची फुलं खोचून झाली, झाडाखाली फळ्यांवर कोंबडी, घेवडा, मक्याचा पाव मांडून झाला. पाद्रीबाबांनी प्रार्थना आटोपली आणि डेल्मर उभा राहिला. अ‍ॅडाआत्या पुढच्याच खुर्चीत, मांडीवर हात ठेवून.

बोलायला सुरुवात केली आणि जीभ सुटली. पाऊस सांगितला, खेचरं सांगितली, ठेकेदाराची बोंब सांगितली. इथवर सगळं खरं. मग म्हणाला, "शेवटची पेटी उरली. खेचर चिखलात बसलं, उठेना. तेव्हा माझ्या बापानं ती पेटी खांद्यावर घेतली आणि एकटा टेकडी चढला. ती पेटी होती अ‍ॅडाआत्याच्या आईची. बाप म्हणायचा, इतकी हलकी होती, वाटलं झोपलेलं लेकरूच नेतोय."

बाया रुमाल शोधायला लागल्या. अ‍ॅडाआत्या रडली नाही. तिनं डेल्मरचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "झालं. ठरलं माझं."

त्या दिवशी डेल्मरला जेवण गेलं नाही. लोकांनी त्यालाही विनयी म्हटलं.

पानं पिवळी पडायच्या आधीच, सप्टेंबरात, अ‍ॅडा स्टिलवेल गेली. आमच्याकडं कबर शेजारीपाजारीच खणतात, पैसे देऊन माणसं लावणं कमीपणाचं. पुरायच्या दिवशी सकाळी सातला डेल्मर फावडं घेऊन टेकडीवर आला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्याच्यानं खणवत नव्हतं, पण येणं भाग होतं. खड्ड्यात हार्लन मेसर होता. चाळीस वर्षं गावाच्या कबरी खणलेला माणूस. तीन तरुणांना त्यानं चहापाण्याला पाठवलं आणि खालून हाक मारली.

"डेल्मर, इकडं ये. ही बाजू बघ."

ती बाजू म्हणजे अ‍ॅडाच्या आईच्या कबरीकडची, खणता खणता तिच्यातच थोडी शिरलेली. वर फूटभर काळपट माती, आणि त्याखाली तळापर्यंत पिवळा मुरूम, आडव्या रेघा सलग, जुनी मुळं सरळ आरपार गेलेली.

"एकदा खणलेली माती अशी पुन्हा जुळत नाही," हार्लन म्हणाला. "या बाजूला जन्मात कुणी खणलेलं नाही. मग तुझा बाप पेटी खांद्यावर घेऊन चढला, ती ठेवली कुठं?"

डेल्मर खड्ड्याच्या काठावर बसला.

हार्लननं त्याच्याकडं बघितलं. "तुला ठाऊक होतं," तो म्हणाला. "लेका, तुला ठाऊक होतं! माझी आजी आहे त्या रांगेत." मग फावडं टेकून, आवाज उतरवून म्हणाला, "पोरांना काही कळायचं नाही. मी गप्प बसतो. पण ते तुझ्यासाठी नाही, आत्यासाठी. अजून पेटी चर्चमध्येच आहे. हमरस्त्याकडं न्यायची तर आत्ताच. तू बोल, नाहीतर बोलू नकोस."

या वेळी मात्र डेल्मर उठला. तसाच मातीचे हात घेऊन चर्चपर्यंत उतरला. अ‍ॅडाची मुलगी लोरेना दारात लोकांची फुलं घेत उभी होती. त्यानं तिला सुरूच्या झाडामागं नेलं आणि सगळं सांगितलं. बाप, पाऊस, अकरा दगड, आपली रविवारची थाप. कुठंही रंग न भरता, पाच मिनिटांत. आयुष्यात इतकी कोरडी गोष्ट त्यानं कधी सांगितली नव्हती.

"तिथं तिची आई नाही, लोरेना. अजून वेळ आहे. तिला क्लाइडशेजारी ने. हार्लन म्हणतो, आम्ही दुपारपर्यंत तिकडं खणून देतो."

 लोरेनानं हातातली फुलं दगडी कठड्यावर ठेवली.

"बर्निसआत्या जुलैत वारली, तुम्ही आला होतात ना?" बर्निस म्हणजे क्लाइडची बहीण, बिनलग्नाची, मागंपुढं कुणी नसलेली.

"आलो होतो."

"पुरताना?"

"नाही. गुडघा धरला होता."

"मग तुम्हाला ठाऊक नाही, हार्लनही तेव्हा गावात नव्हता. तिला जागा नव्हती. आई म्हणाली, माझी देऊन टाका, मला काय करायचीय, मी आईपाशी जाणार. स्वतः उभी राहून दगडावरचं नाव तासून घेतलं तिनं." लोरेनाचा आवाज चढला नाही, तेच वाईट. "मी भांडले तिच्याशी. म्हटलं, बाबा एकटे पडतील. तर म्हणाली, डेल्मरनं सांगितलंय. जगाचा खोटेपणा उघडा करतो तो, तो कशाला खोटं बोलेल?"

आत ऑर्गन सुरू झाला. कुणीतरी दारातून लोरेनाला हाक मारली.

"थांबा!" ती ओरडली, आणि पुन्हा डेल्मरकडं वळली. "नवऱ्याशेजारी जागा नाही. आईशेजारी आई नाही. मग आता कुठं नेऊ माझ्या आईला? सांगा ना, डेल्मरदादा. तुम्ही तर सगळं सांगता."

  ती फुलं उचलून आत गेली, आणि अकरा वाजता लोकांनी अ‍ॅडाआत्याला टेकडीवर नेऊन त्या पिवळ्या मुरमात एकटीला पुरलं.