शेवंताताईची सहीनिशी कॉमेंट

शेवंताताई माझी मोठी जाऊ. रेल्वेच्या दफ्तरात तीस वर्षं चपराशी होती. खाली पूर्ण नाव-पत्ता लिहिल्याशिवाय कागद खरा होत नाही, ही तिथली सवय तिनं घरीही सोडली नाही. वाण्याकडची यादीसुद्धा सहीनिशी जायची.

तिची सून रुचिता दुसऱ्यांदा गरोदर राहिली. पहिला प्रशिक सिझरनं झालेला, तेव्हा दुसरंही सिझरच, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं. दिवस एप्रिलच्या वीसच्या आसपास भरत होते. "कापाचंच हाय तं चौदालेच कापा," ताईनं फर्मान काढलं. "बाबासाहेबांच्या जयंतीले नातू!" रायपूरच्या आमच्या निम्म्या बुढापारा मोहल्ल्यात तिनं ही खबर वाटूनही टाकली.

रुचिताला मात्र या वेळी नॉर्मल करून पाहायचं होतं. प्रशिकच्या वेळी टाक्यांनी ती दीड महिना कण्हत होती. पण ताईसमोर बोलणार कोण? माझीच पंचवीस वर्षांत हिंमत झाली नव्हती. सिझरनंतर नॉर्मल बाळंत झालेल्या बायकांचा एक ग्रुप रुचिता दिवसभर फोनवर वाचत बसायची. सून काय शिकून राहिली ते बघायला ताईही गुपचूप त्यात शिरली. शिरवलं मीच, खोटं कशाला बोलू!

एका दुपारी ताई फोन घेऊन माझ्या ओट्यावर आली. कुणीतरी नाव लपवून लिहिलं होतं, 'सासूमाँ रेल्वे से रिटायर हैं, चौदह अप्रैल को ही ऑपरेशन चाहती हैं. डॉक्टर ने पुराने कागज देखकर कहा, नॉर्मल की कोशिश हो सकती है. सासूमाँ को कैसे बोलूँ?' खाली साठ कॉमेंट. एक म्हणे, आधी सासूच्या डोक्याचं ऑपरेशन करा. दुसरी म्हणे, दवाखान्यात जाऊच नको, घरीच कर.

"हे आपल्याच घरचं हाय," ताई म्हणाली. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण तिचे डोळेच भरले. "मले काहून नाई सांगतलं तिनं? मी का वाघ हाओ?"

"हव," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

ती तिथंच ओट्यावर बसली. अर्धा तास एका बोटानं टाईप करत राहिली. 'बेटी, घरी नाई, दवाखान्यातच. ऑपरेशनची तयारी असन तिथं. डॉक्टर म्हणते तं करून पाय. सासूले मी सांगते. आपली विश्वासू, शेवंता नत्थू मेश्राम, बुढापारा, रायपूर.'

भिंतीपलीकडच्या ताईच्या घरातून रुचिताचं "बाप रे!" आम्हा दोघींना ऐकू आलं. मला तर हसून हसून उचकी लागली.

जयंती आली. ताई मिरवणुकीत मनसोक्त नाचली आणि नातवाचं विचारणाऱ्यांना "येईन त्याच्या मर्जीनं" म्हणत राहिली. अठराला सकाळी रुचिताला कळा सुरू झाल्या. दुपारी ती पार थकली. डॉक्टरीण म्हणाली, बाळाचे ठोके चांगले आहेत, थांबता येईल. ऑपरेशनचीही तयारी आहे. काय करायचं? नर्सनं सवयीनं सासूकडे पाहिलं. मीही पाहिलं. उभ्या घराच्या वतीनं उत्तरं देणाऱ्या या बाईनं रुचिताचा हात धरला. "तू सांग. तू म्हणशीन तेच."

"थोड़ा और रुकते हैं, मम्मी," रुचिता म्हणाली.

साडेतीनला मुलगी झाली, नॉर्मल. ताई बाहेर आली ती हसतही होती आणि डोळेही पुसत होती.

"भावना," ती म्हणाली, "मले चार लेकरं झाले. बाई, तुले काय पायजे, असं कोनी एकदाबी इचारलं नोतं."