एक जूनची जन्मतारीख

आमच्या कट्ट्यावर एक जूनला एकच मोठा केक आणतात. बहुतेकांची जन्मतारीख तीच आहे. आमच्या काळी मूल शाळेत घालताना बापाला तारीख ठाऊक नसे. हेडमास्तर एक जून लिहीत आणि साल अंदाजाने बसवीत. पुढे मी शिक्षक झालो आणि अनेक मुलांना हीच तारीख दिली. त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

यंदा केक कापण्याआधी वर्तमानपत्रातल्या बातमीवरून वाद निघाला. कागदपत्रांशिवाय देशात राहणाऱ्यांना बाहेर काढावे, की वर्षानुवर्षे राहिलेल्यांना नागरिकत्व द्यावे?

"इतकी वर्षं राबले, पोरं हितंच झाली. द्या की त्यांना कागद," आमच्यातला जुना माग-कारखानदार म्हणाला. त्याचे आजोबा तेलंगणातून मागावर कामाला आले होते.

"आज एकाला दिलास की उद्या दहा दारात उभे राहतील," निवृत्त वकील म्हणाले. "तुझं काय जातंय? तुला चादरी विणायला स्वस्तात माणसं पाहिजेत."

"आता कुठले माग, वकीलसाहेब? भंगारात घालून मोकळा झालो की."

सगळे हसले. मग वकील माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमच्या वरच्या खोलीतल्या बंगाल्याचं काय? भाडेकरार करताना मी कागद पाहिलेत त्याचे. शाळेच्या दाखल्यावर एक साल, आधारवर दुसरं. चौकीत माहिती दिलीत का?"

मी दिली नव्हती. तो माणूस फरशी बसवण्याचे काम करी. बायको भारतात जन्मलेली, मुलगी तर सोलापूरच्याच सरकारी दवाखान्यातली. तो मात्र आईच्या कडेवर बसून सीमेपलीकडून आला होता. खोली घेतानाच त्याने मला हे सांगितले होते. माहिती दिली तर त्याला उचलतील आणि त्या दोघी मागे राहतील, हे आम्हा दोघांनाही कळत होते.

"मीही कडेवरूनच आलो," मी म्हणालो. "रझाकारांच्या धामधुमीत वडील निजामाची हद्द ओलांडून दुधनीमार्गे इथे पोहोचले. जवळ एकही कागद नव्हता. आजची ही तारीखसुद्धा माझी खरी नाही."

पुन्हा हशा झाला. "मास्तर, तुम्हाला कोण विचारतंय?" वकील म्हणाले. "तुम्ही आपलेच. शिवाय तुमची ती हद्दच उरली नाही, त्याची अजून आहे. चौकीत तुम्ही कळवा, नाहीतर मला कळवावं लागेल."

कायद्याच्या अंगाने त्यांचे बरोबर होते. वयाने मोठा म्हणून सुरी माझ्या हाती दिली गेली. मी केक कापला.

घरी परतलो तेव्हा भाडेकरू जिन्याशी बसला होता. घडले ते मी त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले. "काका, मुलीची शाळा आता सुरू होईल. तुम्ही सांगाल तसं करतो."

त्याला माझ्याकडून एकच शब्द हवा होता. 'राहा' म्हटले असते तर तो राहिला असता, आणि पुढे चौकीत मला त्याच्या बाजूने उभे राहावे लागले असते.

"माझे काही म्हणणे नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि तो वर गेला.

त्याच आठवड्यात ते गेले. कुठे, हे मी विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही. खोली झाडून किल्ली खिडकीत ठेवली होती. ती उचलताना मला प्रथम सुटल्यासारखे वाटले. त्या सुटकेची लाज अद्याप गेलेली नाही. जा, असे मी म्हणालो नव्हतो, ही सबब स्वतःला देऊन पाहिली. ती टिकली नाही.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर वकिलांनी विचारले, "गेले का?"

"गेले."

"बरं झालं. विनाकटकट मिटलं."

कारखानदार बाकाच्या टोकाला बसला होता. त्याने माझा चहा माझ्यापुढे सरकवला आणि पेपर उघडून वाचू लागला. त्याने दोन शब्द सुनावले असते, तर ते मी ऐकून घेतले असते.