मॅडमला फोन लावते

जून आला की माझं डोकं फिरतं. रायपूरच्या उन्हानं नाही, त्याची सवय जन्मापासून आहे. आमच्याकडे शाळा एप्रिलमध्ये भरते. पोरं रुळतात न रुळतात तोच उन्हाळ्याची सुट्टी लागते, आणि जूनच्या मध्यात सगळं पुन्हा पहिल्यापासून. एप्रिलमध्ये जी पोरं पदर धरून शाळाभर हिंडली, तीच मला पाहून दाराच्या चौकटीला चिकटतात. सुट्टीत घरी यांना नेमकं काय खाऊ घालतात, असा प्रश्न मला दर वर्षी पडायचा.

रायपूरच्याच बूढापारा या वस्तीतल्या लहानशा शाळेत मी पहिलीला शिकवते. त्या वर्षी आमच्या प्रिन्सिपल मॅडमनी कुठल्याशा प्रशिक्षणाहून एक चित्रांचं पुस्तक आणलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, "इससे बच्चों का डर निकल जाता है. हफ्ते भर पढ़ा दीजिए." हफ्ते भर! भीती म्हणजे जशी सर्दीच. पुस्तकात खारीचं एक पिल्लू पहिल्यांदा शाळेत जातं आणि तिथली बाई असते चष्मा लावलेली हत्तीण. मी ते कपाटात कोंबणार होते. पण वर्गात एक पोरगी होती, आणि तिच्यासाठी मी हत्तीणसुद्धा व्हायला तयार होते.

सहा वर्षांची पोर. एप्रिलमध्ये तोंडाला कुलूप नव्हतं तिच्या. सुट्टीनंतर आली ती मुकी होऊन. डबा उघडायची नाही, पाण्याच्या बाटलीला हात लावायची नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लघवीला जायची नाही. सकाळपासून सुट्टी होईपर्यंत पाय आवळून बसायची. मी विचारलं की मान खाली. दोनदा बाकावरच झालं. मग ताप आला. डॉक्टरनं तिच्या आईला स्पष्ट सांगितलं की पोरगी लघवी दाबून धरते, त्यानं हे झालं. आई मला सांगायला आली, "मॅडम, या हप्त्यात नाही जमलं तर मी हिले अभनपूरले पाठवून देतो, तिच्या आजीजवळ. तिथंच शिकेल." म्हणजे पोरगी आईपासूनही तुटणार, आणि कारण काय, तर माझा वर्ग.

म्हणून ती हत्तीण काढली. पोरांना सतरंजीवर गोल बसवलं आणि वाचायला लागले. पिल्लू आईचा हात सोडतं, पिल्लू डबा उघडतं. पोरं हळूहळू पुढे सरकली, तीही सरकली. पुढच्या पानावर हत्तीण पिल्लाला शाळा दाखवते: हा वर्ग, हा नळ, हे बाथरूम. मी पान उलटलं, आणि त्या पोरीनं पुढे येऊन चित्रातल्या बाथरूमच्या दारावर तळहात ठेवला. घट्ट.

"क्या हुआ बेटा?"

"इसमें मॅडम बंद करती है."

"कौन मॅडम? ये हाथी वाली?"

तिनं नाही म्हणून मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं.

"मी? मी कधी बंद केलं ग तुला?"

"आप फोन पे बोले थे ना मम्मी को. दूध नहीं पिएगी तो बाथरूम में बंद करूंगी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काही बोलायच्या आधीच कोपऱ्यातला एक पोट्टा उठला. म्हणाला, मेरे को तो आप सुई लगाने वाले थे. दुसरी म्हणाली, तिला मी पोत्यात भरून नेणार होते. तिसऱ्याचे मी केस कापणार होते, तेही सगळे. एकेक करत अर्धा वर्ग बोलला. सुट्टीभर मी घरी पंख्याखाली आंबे कापत बसले होते, आणि तिकडे घराघरांत माझ्या नावानं पोरांच्या घशात वरणभात ढकलला जात होता. आई फोन कानाला लावते, हॅलो मॅडम म्हणते, पोर गपकन तोंड उघडतं. घास यांचा, राक्षसीण मी! आणि मग जूनमध्ये हीच माणसं फाटकाशी येऊन विचारतात, आमचं लेकरू शाळेला काहून घाबरते?

आणि आम्ही त्यावर खारीची पिल्लं वाचतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देणं यालाच म्हणतात.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या आईला वर्गात बसवलं. पोरगी दाराशी दप्तर लावून उभी होती. मी सगळं सांगितलं तर आई हसली. हसली!

"अवो मॅडम, ते तर असंच. सगळेच करते. खाऊनच नाही राहात पोट्टी. तुमच्या नावानं दोन घास तरी जाते पोटात."

"दोन घास जातात आणि लघवी थांबते. ताप कशानं आला मग? माझ्या नावानं तुम्ही तिला बाथरूममध्ये कोंडायची भीती घातली, म्हणून ती आत पाय ठेवत नाही. काढा तो फोन. तिच्यासमोर सांगा की तो लागलाच नव्हता."

तिचं हसू गेलं. "मग माझं ऐकन का ते?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

तिनं आवाज खाली आणला. "मॅडम, हिचे पप्पा आता येत नाही आमच्याकडे. घरात मी एकटी. मले कोण भेते?"

मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मला इतका राग आला होता की मी म्हटलं, "आजच सांगा. आत्ता. नाहीतर खुशाल पाठवा अभनपूरला, पण मग पोरीला सांगून पाठवा की तुझी शाळा मॅडमनं नाही, मी सोडवली."

ती उठली. पोरीपुढे उकिडवी बसली. फोन हातात तसाच.

"बेटा, मी खोटं बोलली. मॅडमले फोन लागलाच नव्हता. मॅडम कोणाले बंद नाही करत."

पोरीनं आधी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हो म्हणून मान हलवली. मग ती आईकडे वळली.

"और पापा जो रोज रात को फोन पे बोलते हैं, जल्दी आऊंगा? वो भी नहीं लगता?"

आईनं हातातला फोन पालथा घातला.

पोरीनं दप्तर खाली ठेवलं आणि येऊन माझं बोट धरलं. "मॅडम, सुसू."

मी तिला घेऊन गेले. दार उघडंच ठेवायला लावलं तिनं, मी बाहेर उभी राहिले. परत आलो तेव्हा आई बाकावर बसलेली होती. तिनं हात पुढे केला. पोरगी माझं बोट सोडेना.