सहा इंच जास्तीचे महाराज

कागद दोन्ही हातांनी उन्हासमोर धरायचा, मान जरा मागे घ्यायची आणि म्हणायचं, "थांबा भाऊ, आधी उजेडाले विचारू द्या." चिखलीतले आमचे पेंटरचाचा असेच उभे दिसत. रंग कोणता घेणार विचारा, काम कधी होईल विचारा, चहा घेणार का विचारा, उत्तर हेच. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

माझं नेमकं उलट. मी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो. घरापासून काट्यापर्यंत माझी एक हजार दोनशे बारा पावलं होतात. चपला नव्या असल्या तर चार कमी. ही माहिती आजवर कुणी मागितलेली नाही, तरी मी ती बऱ्याच जणांना दिली आहे.

त्यामुळे कॉलनीतल्या महाराजांच्या मंदिरात पूर्वेला रंगीत काचेची खिडकी बसवायची ठरली, तेव्हा माप घेण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं. चाचांनी महाराजांचं उभं चित्र कागदावर पूर्ण मापाचं रंगवायचं, काचांचे तुकडे जिथे शिशाच्या पट्टीनं जोडले जाणार तिथे काळ्या रेषा आखायच्या, आणि त्यावरून अकोल्याचा काचवाला खिडकी करणार. मी भिंतीतली मोकळी जागा तीनदा मोजली. चिठ्ठीवर लिहिलं : उंची साठ, रुंदी तीस इंच. खाली "मोजले, तपासले" आणि सही.

चाचांची नजर साखरेमुळे जात चालली होती. "फ्लेक्स आले, पाट्या गेल्या. आता डोये जाऊन राह्यले," ते एकदा म्हणाले. "हा एक चेहरा उन्हात पेटलेला पाह्यला, का मंग गेले तरी चालंल."

महाराजांचा एकच धुरकट फोटो होता. त्यावरून चेहरा कागदावर उतरायला चार महिने लागले. चेहऱ्यावरून त्यांनी एकही काळी रेष जाऊ दिली नाही. रेषा दर दहा इंचांवर सारख्या असाव्यात, असं मी सुचवलं होतं.

"मंग महाराज जेलात बसल्यावानी दिसतील भाऊ," चाचा म्हणाले.

काचवाला आला. चित्र खिडकीला लावून पाहिलं. रुंदी बरोबर, उंची सहा इंच जास्त. आणि खालचे सहा इंच म्हणजे नेमके पाय.

"पायच नाही, तं डोकं कुठं टेकवाचं?" मंदिर समितीचे अध्यक्ष म्हणाले.

"चाचा, चित्र मोठं काढलं तुम्ही," मी सगळ्यांदेखत म्हणालो.

चाचांनी खिशातून माझी चिठ्ठी काढली, पार नाकाजवळ नेली, आणि परत खिशात ठेवली. "हाव. नजर चुकली असंल."

वर मी उपायही सांगितला : सगळं चित्रच दहा टक्के लहान करा.

"मंग दोन्ही बाजूनं वारा येईल भाऊ."

मी प्रत्येक चिठ्ठीची नक्कल ठेवतो. घरी जाऊन काढली. साठ. पुन्हा मंदिरात गेलो आणि खिडकीच्या तळाशी गवंड्यानं बसवलेला काळा दगड मोजला. सहा इंच. तीनदा मोजलं होतं हे खरं, पण तिन्ही वेळा दगड बसायच्या आधी.

तसाच चाचांकडे गेलो. "चिठ्ठी होती ना खिशात? काऊन नाही दाखवली?"

"माझी नजर गेली हे लोकायले पटते," चाचा म्हणाले. "तुमचं माप चुकलं हे कोणाले पटंल?"

दुसऱ्या दिवशी मी समितीपुढे चूक कबूल केली. अध्यक्षांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "चाचाले वाचवून राह्यले तुम्ही. मन मोठं हाय तुमचं." नक्कल दाखवली, तर म्हणाले, "हे काल रात्री लिहिलं असंल." इतक्या वर्षांच्या काटेकोरपणाची ही कमाई : मला धड चूकही करता येईना.

चाचांनी चेहरा तसाच ठेवला. कमरेखालचा कागद कापून नवा जोडला आणि उभ्या महाराजांना चित्रातच एका दगडावर बसवलं. पाय आत आले. जोडावरून एक काळी रेष घेतली. पण त्यात आणखी पाच महिने गेले, आणि चाचांची जवळजवळ सगळी नजरही.

खिडकी बसली त्या सकाळी मी त्यांना हात धरून नेलं. ऊन सरळ आत येत होतं.

"दिसते का?"

"रंग हायत," चाचा म्हणाले. "चेहरा नाही."

पाच महिने. हा आकडा मी कुणालाच सांगितला नाही.

थोड्या वेळानं चाचा चुळबुळले. "भाऊ, उजेड फरशीवर पडला असंल. माझा पाय तं नाही पडला महाराजाच्या पायावर?"

मी खाली पाहिलं. "नाही चाचा. त्याइचेच पाय तुमच्या पायावर पडले."

"आन चेहरा?"

तेव्हा कुठे माझं लक्ष वर गेलं. "तुमच्या सदऱ्यावर. दुसऱ्या बटणाखाली, तीन इंचांवर."

चाचांनी चाचपडत बटण शोधलं आणि त्याखाली तळवा ठेवला. महाराज त्यांच्या बोटांवर आले. "नक्की? मोजलं?"

"तीनदा."

"तीनदा म्हटलं का मले भेव वाटते भाऊ," ते हसले. पण ऊन सरकेपर्यंत जागचे हलले नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात चाचा गेले. कधी कधी सकाळी मी त्याच जागी उभा राहतो. मी उंच आहे, त्यामुळे महाराजांचा चेहरा माझ्या पोटावर येतो, आणि दिवस पुढे सरकले की तिथेही राहत नाही. नेमका कुठे येईल याचा हिशेब मांडता आला असता. टेप मी घरी ठेवून जातो. आधी उजेडाला विचारतो.