मंगोलियाला कधी जावं

आमचा दूधवाला दारात मोटारसायकल कधीच बंद करायचा नाही. एक पाय जमिनीवर टेकून विचारायचा, "मास्तर, मंगोलियाला कोणत्या महिन्यात जावं?"

औंढ्याजवळच्या तांड्यातला माणूस. त्याचे आजे-पणजे बैलांवर धान्य लादून मुलूखभर फिरलेले. मोबाईलवर घरासकट गवताळ रानातून फिरणारे मंगोल पाहिल्यापासून त्याला चैन नव्हती.

"जुलैत जा. सगळं हिरवंगार असतं."

"तवा कोळपणी राहते."

"मग सप्टेंबरात?"

"सोयाबीन कोन काढील?"

एप्रिलचं नाव आम्ही घेतच नव्हतो. तेव्हा तिकडं नुसता वारा आणि धूळ.

यंदा मार्चमध्ये तो रिकामा कॅन घेऊन आला. म्हशी त्यानं भावाला देऊन टाकल्या होत्या.

"एप्रिलात निघून राहिलो."

"अहो, सगळ्यात वाईट महिना तो!"

"चांगला महिना पाहत बसलो तर म्हशी मला सोडायच्या न्हाईत, मास्तर."

तो गेल्यावर माझं कशात लक्ष लागेना. मग एका दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर पिवळ्या धुळीशिवाय काहीच नव्हतं. वाऱ्यात तो ओरडत होता, "दिसून राहिलं का, मास्तर?"

"व्हय," मी म्हणालो, "सगळं दिसतंय."