तांबूची वसुबारस

नवरा गेल्यावर वैदेहीताईंनी अमेरिकेतल्या अल्फारेटा गावातलं मोठं घर विकलं आणि गावाबाहेर दोन एकर जमीन घेतली, तेव्हा त्यांचा मुलगा निमिष जर्सी सिटीहून फोनवर कडाडला, "आई, आर यू सिरियस? सत्तराव्या वर्षी गाय?" पण बाई हट्टाच्या. जन्म हॉस्पिटलात लोकांना भूल देण्यात गेला, आता काहीतरी जागं सांभाळायचंय, म्हणाल्या.

जागा ती केवढीशी. पुढे गवत, कोपऱ्यात तीन बाजूंनी बंद गोठा. कुंपणाला मात्र त्यांनी हात आखडला नाही. खांब खोल गाडले, जाळी जमिनीत पुरली, वर विजेची तार ओढली. कोल्ह्याची आत पाय ठेवायची बिशाद नव्हती. आत तांबू, बुटक्या जातीची जर्सी गाय, आणि श्रावणात झालेलं तिचं वासरू. गुरांच्या डॉक्टरने एकच बजावलं होतं, गवत घाला, पिठाचं-गोडाचं काही देऊ नका.

कोल्हा आला नाही, तसा माणूसही वर्षभर फिरकला नाही. "येतो हं काकू" म्हणणारे पुष्कळ, पण सगळ्यांना ट्रॅफिक आडवा यायचा.

मग दिवाळीत मराठी मंडळाच्या राधिकाने ग्रुपवर टाकलं, काकूंकडे खऱ्या गायीची वसुबारस. गाड्यांची रांग लागली. पैठण्या काय, पूजेची ताटं काय, मुलांचं "सो क्यूट" काय! वैदेहीताई हरखल्या. तार बंद केली, फाटक सताड उघडलं. कोणी गूळ आणला, कोणी भाकरी, कोणी उडदाचे वडे, कोणी भात. "काकू, माझा एकच घास हं." प्रत्येकीचा एकच, पण तांबूच्या पोटात सगळ्यांचे. डॉक्टरचं बोलणं वैदेहीताईंच्या ओठांवर आलं होतं. पण दारात माणसं हसत होती, काकू काकू करत होती. नाही म्हटलं तर ती निघून जातील, अशी भीती वाटली. त्यांनी पुढच्या ताटाला वाट करून दिली.

दुसऱ्या दिवशी तांबू उठेना. पोट टम्म फुगलेलं, दात खात पडलेली. डॉक्टरने पोटात नळी घातली, औषधं दिली. "काय खाल्लं हिने?" त्याने विचारलं. वैदेहीताई खाली बसून तांबूची मान चोळू लागल्या. संध्याकाळी तांबू गेली. वासरू तिला ढुशा देत राहिलं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि ते कुंपण आपण, हे त्यांना आतून कापत होतं.

चार दिवसांनी राधिकाचा फोन आला. "काकू, काय मस्त झालं यार! पुढच्या वर्षी पण करायचं, सगळे म्हणतायत. तांबू कशी आहे?"

"बरी आहे," वैदेहीताई म्हणाल्या. "या ना सगळे."

फोन ठेवून त्या गोठ्यात गेल्या. भुकेल्या वासराच्या तोंडाला दुधाची बाटली लावली आणि ढसाढसा रडल्या. खरं सांगितलं असतं, तर पुन्हा कोणी आलं नसतं.