दोरा नसलेल्या आठ चादरी

ही गोष्ट सांगायचं मी वीसेक वर्षं टाळलं. विसरलो होतो असं नाही. उलट, सांगायला कसं सुरू करायचं, कुठे थांबायचं, सगळं मनात बांधून तयार होतं. फक्त ज्याला सांगायचं त्याच्या समोर बसलो की मी हवापाण्याचं बोलायचो. गेल्या महिन्यात सकाळी माझ्या जुन्या शेजाऱ्याच्या, नरसय्याच्या मुलाचा, व्यंकटेशचा फोन आला. ‘‘काका, अप्पा गेले.’’ कधी, कसे, असं काही विचारण्याआधी माझ्या मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते. मनात आलं, सुटलो... आता सांगायची गरज उरली नाही. मग बायकोनं हाताला धरून मला रिक्षात बसवलं.

दहाव्याला नरसय्याच्या कारखान्यातला एक जुना सोबती बोलायला उठला. म्हणाला, माणूस सोन्यासारखा, कामाला वाघ. फक्त मध्येच नजर गेली बिचाऱ्याची, नाहीतर तपासनीस म्हणूनच निवृत्त झाला असता. बसलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांच्याबरोबर मीही हलवली. घरी आल्यावर ती हललेली मान मला काही केल्या सोडेना, म्हणून हे लिहितो आहे. छापायला देण्याआधी नरसय्याच्या पत्नीला, अंबुबाईंना, सगळं वाचून दाखवलं. त्या काय म्हणाल्या ते इथे लिहीत नाही. तो त्यांचा अधिकार आहे. ‘छापा’ म्हणाल्या, एवढंच सांगतो.

मी नातेपुत्याचा. शिक्षकाची नोकरी लागली म्हणून सोलापुरात आलो आणि पूर्व भागात, जिथे घराघरातून तेलुगू बोललं जातं आणि मागांचा खडखडाट दिवसभर कानात असतो, तिथे दोन खोल्या घेतल्या. शेजारी नरसय्या. तो चादरीच्या कारखान्यात तपासणीला होता. विणून आलेली प्रत्येक चादर त्याच्या टेबलावरून जायची. एक तळहात वरून, एक खालून फिरवत तो ती पुढे ओढायचा आणि ताण्याचा तुटलेला एक दोरासुद्धा त्याच्या हाताला लागायचा. ‘‘डोळ्यानं नंतर बघायचं, मास्तर,’’ असं तो म्हणायचा, ‘‘आधी हाताला कळतंय.’’ त्याला त्याचा गर्व होता. दुसरा कसलाच नव्हता.

आमच्या गल्लीत सुट्टीला गावाला जाण्यापलीकडे कुणी कुठे जात नसे. परवडणार कसं? एका वर्षी समोरच्या घरातले पतपेढीचं कर्ज काढून दक्षिणेकडे जाऊन आले आणि पुढची दोन वर्षं नवरा-बायको हप्त्यावरून भांडत बसले. ते ऐकून नरसय्या म्हणाला होता, ‘‘उधारीवर गेलं की माणूस समुद्र बघतच न्हाय. परत गेल्यावर हप्ता कुठनं भरायचा, तेच बघत बसतंय.’’ मग त्यानंच युक्ती काढली. कारखान्यात दोष राहिलेल्या चादरी कामगारांना बऱ्याच स्वस्तात मिळत. प्रत्येक घरानं आपापल्या डब्यात दर आठवड्याला थोडं थोडं टाकायचं. त्यातून एसटीचं भाडं आणि डझनभर चादरी घ्यायच्या, काही चांगल्या, बाकी दोषाच्या. मे महिन्यात चार घरांनी मिळून त्या कोकणात न्यायच्या, तिथे विकायच्या आणि सुटेल त्या नफ्यावर राहायचं, खायचं. भाकऱ्या कडक, शेंगांची चटणी डब्यात, गठ्ठे एसटीच्या टपावर. रत्नागिरीच्या पुढे समुद्रकाठच्या एका गावात दामूअण्णा नावाचे गृहस्थ दोन खोल्या आणि पडवी द्यायचे. सलग चार वर्षं आम्ही तिथे गेलो. एका पैशाचं कर्ज न काढता माझ्या मुलीनं समुद्र पाहिला, तो असा.

नरसय्याचा नियम एकच, पण कडक. दोषाची चादर दोषाची म्हणूनच विकायची. निघण्याआधी आठवडाभर तो सगळ्यांचे गठ्ठे स्वतः तपासायचा आणि दोष असलेल्या प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात तांबड्या दोऱ्याचे दोन टाके घालायचा. तिथे पडवीत उभं राहून गावातल्या बायकांना सांगायचा, ‘‘दोरा बघा आधी. दोरा हाय म्हणजे दोष हाय, तेवढी किंमत कमी. दोरा न्हाय, ती डोळं झाकून घ्या.’’ आणि दोष कुठे आहे तेही बोट ठेवून दाखवायचा. पहिल्या वर्षी मला वाटलं, हा आपला धंदा बुडवणार. झालं उलटंच. दुसऱ्या वर्षी लोक आमची वाट बघत होते. दामूअण्णा म्हणायचे, ‘‘बाजारात दुकानदार चांगलं तेवढंच दाखवतो. हा सोलापूरकर वाईट आधी दाखवतो. म्हणून घेतात हो!’’

पाचव्या वर्षी माझा डबा रिकामा होत आला होता. अकलूजच्या साडूच्या मुलीचं लग्न होतं. साडू साखर कारखान्यात मोठ्या जागेवर, आणि दर भेटीत ‘मास्तरांचा पगार आणि मास्तरांचा पायजमा, दोन्ही आखूडच’ अशी थट्टा करणारा. त्या लग्नात आपणही काही कमी नाही हे दाखवायला मी डब्यातले पैसे काढून ऐपतीबाहेरचा आहेर केला. घरी कुणाला बोललो नाही. कशाबशा चादरी घेतल्या, भाड्याची सोय केली, आणि मग कळलं की नेहमीच्या नफ्यात आमचा राहण्या-जेवणाचा वाटा निघणार नाही. नरसय्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, यंदा तुम्ही येऊ नका, पुढच्या वर्षी या. सहलीसाठी उसनं द्यायचं नाही आणि घ्यायचं नाही, हे ठरलेलं होतं. आणि मुलगी तर शाळेतल्या मैत्रिणींना शंख-शिंपले आणायचं कबूल करून बसली होती... हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही. जसं घडलं तसं सांगतो.

नरसय्यानं तपासून दिलेल्या माझ्या गठ्ठ्यात बारा चादरी होत्या. चार चांगल्या, आठ दोऱ्याच्या. एका दुपारी बायको मुलीला घेऊन बाजारात गेलेली असताना मी दाराला कडी घातली, दाढीचं पातं घेतलं आणि आठही चादरींचे तांबडे टाके कापून काढले. ओल्या अंगठ्यानं कोपरे चोळले. जाड सुती वीण ती, सुईची भोकं लगेच मिटली. कापलेले दोरे कागदात गुंडाळून चुलीत टाकले. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम.

पडवीत गठ्ठा सुटला तेव्हा नरसय्यानं कोपरे उलटून पाहिले आणि हसला.

‘‘मास्तर, तुमच्या गठ्ठ्यात चांगला माल लई आला की! माझ्या लक्षातच न्हाय.’’

‘‘तूच दिलास की,’’ मी म्हणालो.

‘‘व्हय, मीच दिला. नशीब काढलं तुम्ही.’’

चार घरांचा माल एकट्यानं तपासला होता त्यानं; कुणाच्या गठ्ठ्यात किती चांगल्या, हे त्याला आठवण्याचं कारण नव्हतं. कोपऱ्यात दोरा नाही म्हणजे दोष नाही. स्वतःच्या हातावर त्याचा इतका भरवसा होता की त्यानं पुन्हा हात फिरवला नाही. गावातल्या एका घरी मुलीचं लग्न होतं. तिच्या आईनं, आम्ही सगळे त्यांना काकी म्हणायचो, मुलीला सासरी द्यायला म्हणून माझ्या त्या आठही चादरी पूर्ण किमतीला घेतल्या. ‘‘नरसय्या, दोरा नाही ना रे?’’ ‘‘न्हाय काकी. डोळं झाकून न्या.’’ मी शेजारी उभा राहून पैसे खिशात घातले.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकी पडवीत आल्या. चादरी त्यांच्या भावाच्या खांद्यावर होत्या. त्यांनी त्या जमिनीवर आपटल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मुलाकडची माणसं आदल्या दिवशी आली होती. द्यायचं सामान बघताना विहीणबाईंनी एक चादर उन्हात धरली आणि मधली तुटलेली ओळ सगळ्यांना दाखवली. मग दुसरी धरली. मग तिसरी.

‘‘सगळ्यांसमोर विचारलंन मला,’’ काकी म्हणाल्या, ‘‘टाकाऊ मालावर भागवताय का म्हणून. नरसय्या, मी तुझ्या शब्दावर घेतल्या होत्या रे.’’

नरसय्या खाली बसला. एक चादर मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि तळहात फिरवला. हात मध्यावर थांबला. दुसरी घेतली. पुन्हा थांबला. मी खांबाला टेकून उभा होतो आणि त्याच्या बोटांकडे बघत होतो. एका चादरीचा कोपरा त्यानं उलटला, अंगठ्यानं दाबून पाहिला, उजेडाकडे धरला. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं... आणि मला कळलं की त्याच्या मनात माझ्याबद्दल काही नाही. तो घाबरला होता. स्वतःला घाबरला होता.

‘‘आठ,’’ तो म्हणाला. ‘‘एक न्हाय, दोन न्हाय, आठ सुटल्या माझ्या हातनं.’’

दामूअण्णा म्हणाले, ‘‘चूक होते माणसाची.’’ काकींचा भाऊ म्हणाला, ‘‘आठदा? एवढी चूक आपोआप होत नाही, डोकं चालवून करावी लागते.’’ नरसय्या उठला. आत गेला, आपले पैसे आणले आणि काकींच्या पुढे ठेवले. मी खिशात हात घातला तर त्यानं माझं मनगट धरलं. ‘‘तुमचा काय दोष, मास्तर? तपासलं मी.’’ बोलायची तीच वेळ होती. पडवीत दहा माणसं होती. माझी बायको होती, मुलगी दाराशी उभी होती. मी हात खिशातच राहू दिला.

आम्ही दोन दिवस आधीच परतलो. वाटेत तो एकदाच बोलला. ‘‘पुढच्या वर्षी या गावात तोंड कसं दाखवायचं?’’ त्यानंतर कुणीच कुठे गेलं नाही. कारखान्यात त्यानं स्वतः सांगून तपासणीचं टेबल सोडलं आणि गठ्ठे बांधायच्या कामाला गेला. तिथे पगार कमी आणि पाठ मोडेपर्यंत काम. साहेबांनी समजावलं, तो ऐकेना. म्हणाला, हात आंधळा झाला माझा. गल्लीत बोलणं सुरू झालं, नरसय्याची नजर गेली. घरी तो तांदूळ निवडेनासा झाला. भाजी घेताना वांगं उलटसुलट करायचा आणि अंबुबाईंच्या हातात द्यायचा, ‘‘तू बघ.’’ एकदा दिवाळीत त्याच्या मुलाचा शर्ट घ्यायला आम्ही दोघं दुकानात गेलो होतो. कापडावर हात ठेवायच्या आधीच त्यानं तो मागे घेतला आणि खिशात घातला. मी पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं.

मी एकच केलं. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. मला वाटलं, चष्मा लागला तर सगळ्याला एक कारण मिळेल आणि त्याचंही ओझं उतरेल. डॉक्टरांनी नीट तपासून सांगितलं की या वयात इतके चांगले डोळे कमी बघायला मिळतात. बाहेर आल्यावर नरसय्या पायरीवर बसला. म्हणाला, ‘‘डोळे चांगले हायेत म्हणं. मग माणूसच बिघडला म्हणायचा.’’ मी त्याला चहा पाजला. साखर जास्त टाकायला सांगितली.

तो जाण्याच्या तीन आठवडे आधी शेवटची भेट झाली. तो कॉटवर होता, आवाज बारीक झाला होता, पण डोकं लख्ख. व्यंकटेश मोबाइलवर कुठल्याशा बेटाच्या सहलीचे फोटो दाखवत होता. हप्त्यानं पैसे भरायचे, आत्ता काही द्यायचं नाही, असं म्हणत होता. तो फोन घ्यायला बाहेर गेला तेव्हा नरसय्यानं मला जवळ बोलावलं.

‘‘मास्तर, तुम्ही सांगा त्याला. आपण कसं जायचो ते सांगा. माझं ऐकत न्हाय त्यो. माझ्या शब्दाला आता कोण विचारतंय?’’

मी म्हणालो, सांगतो. त्यानं माझा हात हातात घेतला. त्याचा तळहात अजून तसाच होता, मऊ, चपटा.

‘‘एक बोलायचं राहिलंय,’’ तो म्हणाला. ‘‘त्या चादरी तुमच्या गठ्ठ्यातल्या होत्या. तुमचं पण नाव खराब झालं तिथं. एवढ्या वर्षांत एका शब्दानं मला बोलला न्हाईत तुम्ही. बायकोजवळ कितीदा म्हटलं मी, मास्तरांचं मन लई मोठं.’’

खोलीत आम्ही दोघंच होतो. स्वयंपाकघरात अंबुबाई होत्या, भांड्यांचा आवाज येत होता. व्यंकटेश गॅलरीत बोलत होता, त्याला अजून चार-पाच मिनिटं लागली असती. तेवढा वेळ पुरेसा होता. मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, ‘‘जाऊ दे रे, होतं असं.’’

त्यानं मान हलवली आणि डोळे मिटले. म्हणजे शेवटी त्याला माफ कुणी केलं, तर मी.

तयार असलेलं वाक्य लांबलचक नव्हतं. एवढंच होतं... नरसय्या, तुझा हात चुकला नव्हता. आठही चादरींना तू दोरा घातला होतास. तो मी कापला. मला क्षमा कर.